आबांचा पाना

२०२४ सालच्या ऑगस्टमधला रविवार. दुपारचे दोन वाजून गेले तरी आमच्या धाकटीचा पत्ता नव्हता. पहाटे पाचला ती सायकल घेऊन जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याकडे सरावाला गेली होती. फोन लागेना. पाऊस तर सारखा चालू. मी दहा वेळा दारात गेले आणि दहा वेळा परत चुलीपाशी आले. शेवटी अडीचच्या सुमारास एक भाजीचा टेम्पो वसाहतीच्या तोंडाशी थांबला आणि पोरगी खाली उतरली. अंगभर चिखल. सायकल खांद्यावर.

"मम्मी, एक्सल तुटला. कामशेतच्या चढावर. तिसऱ्यांदा!" एवढे बोलून ती ओट्यावर बसली आणि रडू लागली.

माझी लेक अशी सहसा रडत नाही. बारावी सायन्सला आहे. सायकलची शर्यत हे तिचे वेड. तिची ती बारीक टायरची, खाली वाकलेल्या हँडलची सायकल मी दोन वर्षे भिशी भरून जुनी विकत घेतली होती. नवी घेण्याची आमची ऐपत नाही. हिचे वडील कारखान्यात कंत्राटावर आहेत, मी अंगणवाडीत मदतनीस. हातावर पोट नाही, पण हाताबाहेरचा खर्चही परवडत नाही. आणि निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलेली.

दुसऱ्या दिवशी ती सायकलीच्या मोठ्या दुकानात गेली. तिथे सांगितले, एक्सल बदलून उपयोग नाही, पुन्हा तुटेल. पूर्ण मागचे चाकच नवे घ्या. किंमत ऐकून ती गप्प परत आली. रात्री जेवताना तिचे वडील म्हणाले, "राहू दे यंदा. पुढच्या वर्षी बघू."

ती काहीच बोलली नाही. ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. मला रात्रभर झोप लागली नाही. "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य मी माझ्या लहानपणी ऐकलेले होते. सातवी पास झाल्यावर मलाही असेच सांगितले होते. ते पुढचे वर्ष काही उजाडले नाही.

पहाटे मी उठले. कपाटाच्या वर एक पत्र्याचा डबा होता, बटणे, सुया, जुन्या किल्ल्या ठेवायचा. त्यातून एक लहानसा, गोल, खाचाखाचांचा पाना काढला. ग्रीस वाळून काळे झाले होते. तो पाना आबांचा. माझ्या वडिलांचा.

वाचक बंधू-भगिनींनो, इथे थोडे मागे जावे लागेल.

आमचे माहेर मनमाडचे. रेल्वेच्या वर्कशॉपकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली आबांची सायकल दुरुस्तीची टपरी होती. त्या काळी शिफ्टचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई. काळ्या, उंच, अठ्ठावीस इंची सायकली. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. शाळा सुटली तेव्हा, म्हणजे १९९० साली, मी बारा वर्षांची होते. भाऊ टपरीवर बसायला लाजायचा. मी बसायचे. पंक्चर काढायला शिकले, मग छर्रे बदलायला, कोन कसायला, आणि शेवटी चाक बांधायला. सुटी रिम, सुटा हब आणि तारांची जुडी समोर घेऊन तासाभरात आख्खे चाक उभे करायचे. आबा शेजारी विडी ओढत बसायचे आणि म्हणायचे, "बाई, तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून चाकातल्या एकाही तारेला सैल बसू द्यायचं नाही. एक सैल पडली की शेजारणीवर भार जातो."

पुढे लोक बोलू लागले. वयात आलेली पोरगी रस्त्यावर मांडी घालून सायकल दुरुस्त करते, हात कोपरापर्यंत काळे! १९९७ साली माझे लग्न झाले. निघताना आबांनी रुमालात बांधून काहीतरी माझ्या हातात दिले. वाटेत सोडून पाहिले तर हा पाना. सासरी सासूबाईंनी तो पाहिला आणि हसल्या, "हे काय माहेरचं सोनं?" त्यांच्या मनात वाईट नव्हते, पण मी तो डब्यात टाकला तो टाकलाच. आबा २००९ साली गेले. माझ्या लेकरांना एवढेच माहीत की मनमाडच्या आजोबांचे सायकलीचे दुकान होते. आपल्या आईला चाक बांधता येते, हे मी कधी सांगितलेच नाही. का सांगितले नाही? लाज वाटत होती. आज लिहितानाही त्या लाजेचीच लाज वाटते.

तर पहाटे मी ती सायकल उलटी केली आणि मागचे चाक काढून मांडीवर घेतले. धाकटी डोळे चोळत बाहेर आली.

"मम्मी, काय करतेस? त्यातलं तुला काय कळतं?"

मी म्हटले, "रिम चांगली आहे. तारा बऱ्या आहेत. रोग हबमध्ये आहे. हब बदलू."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

रोग असा होता. जुन्या पद्धतीच्या हबवर गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, बाहेरून आट्यांवर फिरवून बसवलेले असते. छर्रे मात्र आत, हबच्या कडेजवळ राहतात. त्यामुळे उजव्या बाजूला छर्ऱ्यांपासून फ्रेमच्या टोकापर्यंत एक्सल अधांतरी असतो. आबांच्या सायकलींना एकच चकती असायची, तेव्हा हे अंतर थोडे होते. हिच्या सायकलीला सात चकत्या. अंतर वाढले, आणि चढावर जोर लावला की एक्सल आधी वाकायचा, मग तुटायचा. हिने सांगितले की याला उपाय आहे. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ साली बाजारात आणलेल्या रचनेत हा फिरता भाग हबचाच असतो आणि उजवीकडचे छर्रे अगदी बाहेरच्या टोकाला जातात. एक्सलला आधार मिळतो. गिअरच्या चकत्या त्यावर सरकवून बसवतात. त्या गठ्ठ्याला कॅसेट म्हणतात. असा ३६ भोकांचा हब पूर्ण चाकापेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळणार होता. आमच्या रिमला ३६ भोके. ती मी तीनदा मोजली, कारण भोके जुळली नाहीत तर सगळाच खेळ संपला.

हब आणला. पहिल्याने दुकानदाराने १३५ मिलिमीटरचा दिला, डोंगरी सायकलीचा. आमच्या फ्रेमच्या दोन टोकांमधले अंतर १३० भरत होते. परत जाऊन १३० चा आणला. हब आठ ते दहा चकत्यांसाठीचा होता, आमची कॅसेट सातची. म्हणून तिच्यामागे साडेचार मिलिमीटर जाडीची एक कडी घालावी लागते, तीही आणली.

आता माझी फजिती ऐका. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गोणपाट अंथरले आणि जुने चाक सोडायला घेतले. आबांचा नियम पाठ होता. आधी फ्रीव्हील काढायचे, मग तारा. तारा आधी सोडल्या की पकडायला रिम राहत नाही आणि घट्ट बसलेले फ्रीव्हील नुसत्या हबवरून निघत नाही. आम्हाला ते जुने फ्रीव्हील लागणार नव्हते, पण चांगली वस्तू कशाला फुकट घालवायची? ओळखीच्या फिटरच्या शेगड्यात पाना धरून ते काढून घेतले. मग मी त्याच जुन्या तारा नव्या हबमध्ये भरायला सुरुवात केली. धाकटी म्हणाली, "मम्मी, आधी माप घेऊ या ना. नव्या हबची कड लहान दिसते."

मी म्हटले, "गप गं. माझे हात चाकातच वाढलेत."

दोन तास खपून ३६ तारा भरल्या. हात विसरले नव्हते, याचा एवढा आनंद झाला! पण घट्ट करायला गेले तर निपल जेमतेम दोन-तीन आटे धरत होते. मी जोर लावला. खट्‌कन् एक निपल सुटून थेट पातेल्यावर आपटला. मग दुसरा. तारा आखूड पडत होत्या. अशा चाकावर मी लेकीला घाट उतरायला पाठवले असते तर?... विचारानेच हातपाय गार पडले.

मग कळले की मनमाडच्या त्या टपरीवर मी कधी मापच घेतले नव्हते. त्या काळ्या सायकलींचे हब एका घडणीचे, रिम एका मापाच्या, म्हणून तारांच्या जुड्याही ठरलेल्या. माझ्या हातांना जे माहीत होते ते तेवढ्याच चाकांपुरते. जुन्या हबची कड मोठी होती, नव्याची लहान. कड लहान झाली की तारेला रिमपर्यंत पोचायला जास्त लांबी लागते. हे पोरीच्या लक्षात आले होते आणि मी तिला गप्प केले होते. मलाही असेच पुष्कळदा गप्प केले गेले होते. मी तिला म्हटले, "चुकले माझे. आण तुझी वही."

तिने दोन जुन्या तारा बरोबर २५० मिलिमीटरवर कापल्या, टोकाला निपल लावले आणि रिमच्या समोरासमोरच्या भोकांत अडकवून ताणल्या. मधले अंतर भरले १०४. म्हणजे सगळा व्यास ६०४, अर्धा ३०२. हबच्या कडेवरच्या भोकांचे वर्तुळ ४५ मिलिमीटरचे, त्याची त्रिज्या साडेबावीस. मग ती म्हणाली, "एका बाजूला १८ तारा. ३६० भागिले १८, वीस अंश. आपली तार तीन तारांना छेदून जाते, म्हणजे तीन वेळा वीस, साठ अंश. आणि कोसाइन साठ म्हणजे अर्धा! मम्मी, हा तर पुस्तकातला त्रिकोण आहे."

मला कोसाइन कळले नाही. पण तिने कागदावर काढलेला त्रिकोण कळला. एक टोक हबला, एक रिमला आणि मधली बाजू म्हणजे तार.

तिने आकडा काढला आणि म्हणाली, "सगळ्या तारा एकाच मापाच्या."

आता थांबवायची पाळी माझी होती. "नाही," मी म्हटले. "मागच्या चाकात रिम हबच्या दोन कडांच्या मधोमध नसते. उजवीकडे चकत्यांना जागा लागते, म्हणून उजवी कड आत सरकलेली असते. रिम मात्र फ्रेमच्या मधोमध यावी लागते. उजव्या तारा उभ्या पडतात, डाव्या तिरप्या. म्हणून उजव्या आखूड, डाव्या लांब."

तिने पुन्हा मोजले. १३० चे अर्धे ६५. उजव्या टोकापासून कड ४५ वर, म्हणजे मध्यापासून २०. डाव्या टोकापासून २९ वर, म्हणजे मध्यापासून ३६. नवा हिशेब आला: उजवीकडे २९१, डावीकडे २९२ च्या थोडे वर. जुन्या उजव्या तारा मोजल्या तर २८६! दुकानात सम आकड्यांच्याच तारा होत्या. २९० च्या १८ आणि २९२ च्या १८ घेतल्या. एखादा मिलिमीटर निपल सांभाळून घेतो, पाच मिलिमीटर नाही.

त्या रात्री आम्ही दोघी बसलो. निपलच्या आट्यांना तेलाचा थेंब लावला. पहिल्या नऊ तारा उजव्या कडेत एक भोक सोडून एक, आणि रिमवर हवेच्या भोकाशेजारून सुरू करून दर चौथ्या भोकात. मग डावीकडच्या नऊ. मग हब हाताने फिरवून ताणला आणि उरलेल्या तारा उलट दिशेने, दोन तारांवरून आणि तिसरीच्या खालून. ती विचारीत होती, मी दाखवीत होते. "मम्मी, तारा सरळ का लावत नाहीत?" मी म्हटले, "सरळ तारेने हब नुसता गरगर फिरायला बघेल. तिरपी तार त्याला धरून रिमला ओढते." तिने सांगितले की ही तिरप्या तारांची युक्ती इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीने १८७४ साली पेटंट केली. शेतकऱ्याचा मुलगा, आधी माळीकाम केले, मग शिलाई मशीनच्या कारखान्यात कारागीर झाला. मला बरे वाटले. माझ्या आबांनी जी युक्ती शिकवली ती कुण्या मोठ्या विद्यालयातून आलेली नव्हती, हातानेच शोधलेली होती.

मग आऊट काढणे. उलट्या सायकलीत चाक बसवून ब्रेकच्या रबरांचा अंदाज घ्यायचा. रिम उजवीकडे घासली तर तिथली डावी तार अर्धा फेरा कसायची, उजवी थोडी सोडायची. डावी-उजवी झाली की वर-खाली. मग चाक उलटे करून त्याच फ्रेममध्ये बसवायचे. दोन्ही वेळा रिम त्याच जागी आली तर ती मधोमध आहे. घाई करायची नाही. दर फेरीला थोडे थोडे. अधूनमधून समांतर जाणाऱ्या दोन तारा मुठीत धरून दाबायच्या. कट्‌कट् आवाज येतो, पिळलेल्या तारा मोकळ्या होतात. पुन्हा आऊट बघायचा.

शेवटी आबांची परीक्षा. नखाने तार छेडायची. उजवीकडच्या साऱ्या तारांचा सूर एक, उंच. डावीकडच्यांचा एक, थोडा खालचा. शाहीर तुणतुणे लावतो तसे कान लावून आम्ही एकेक तार छेडत होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. रात्रपाळी करून यांची चाहूल लागली. दारात उभे राहून ते पाहत राहिले. माझे हात कोपरापर्यंत काळे. मला वाटले, आता काही बोलतील. ते म्हणाले, "एवढी वर्षं हे कुठं होतं?" आणि आत जाऊन तिघांना चहा ठेवला.

सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. सकाळी त्यांनी चाकाला हात लावून फिरवले. चाक कितीतरी वेळ फिरत राहिले, आवाज नाही, डुगडुग नाही. त्या म्हणाल्या, "सोनंच होतं म्हण की."

पहिल्या चाळीस किलोमीटरनंतर चाकाचा आऊट पुन्हा काढावा लागला. नव्या तारा बसतात, तेवढे होतेच. मग निवड चाचणी झाली. धाकटी सातवी आली. निवड झाली नाही. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण ती घरी आली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, "मम्मी, चढावर मी उभी राहून पूर्ण जोर लावला. पहिल्यांदा मागे वळून चाकाकडे बघितलं नाही."

त्या वाक्याने माझी मजुरी मिळाली.

तेव्हापासून ते चाक कामशेतचा चढ कितीतरी वेळा चढून आले आहे. एक्सल तुटलेला नाही. तिच्याबरोबर सराव करणारी पोरे-पोरी आता रविवारी आमच्या दारात चाके घेऊन येतात. मी पाना चालवते, धाकटी वही घेऊन बसते. माप घेतल्याशिवाय मी आता तारेला हात लावत नाही, आणि तार छेडून बघितल्याशिवाय ती चाक झाले म्हणत नाही. आलेल्या पैशांतून तिच्या पुढच्या वर्गाची फी बाजूला पडते आहे.

आमच्या घराघरांत असे काहीतरी डब्यात पडलेले असते. कुणाच्या आईला गवंडीकाम येते, कुणाच्या आजीला चटया विणता येतात, कुणाच्या बापाला इंजिन नुसते ऐकून रोग कळतो. आपण ते लेकरांना सांगत नाही. त्यांनी शिकून साहेब व्हावे, काळे हात विसरावे, असे आपल्याला वाटते. शिकावे, जरूर शिकावे! माझ्या एकटीच्या हातांनी ते चाक उभे राहिले नसते, दोन निपल पातेल्यावर आपटले होते हे मी विसरलेले नाही. पण तिच्या एकट्या वहीनेही ते उभे राहिले नसते.

आबांचा पाना मी आता डब्यात ठेवत नाही. दाराजवळच्या खिळ्याला टांगला आहे. लेकीने त्याच्यावरचा गंज घासून काढला आहे. ग्रीसचा एक डाग मात्र तसाच राहू दिला आहे. तो डाग मनमाडचा आहे.